चरकाचं तेल

आण्णा, तुमच्या गाडीचं इंजिन मागच्या महिन्यात खोललं. तळाशी तुमचं तेल तसंच होतं. चौसाळ्याच्या मिस्त्रीनं ते पान्याच्या टोकानं खरवडून काढलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "म्याडम, हे तेल हाय का डांबर?" तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले होते, ते लोकांसमोर. खरं बोलायचं सगळं आतच राहिलं आणि ते आता या वयात वर यायला लागलंय. भाऊ गाडी भंगारात घालत होता, मी ती गोडाऊनमधून ट्रॉलीवर चढवून आणली. का आणली ते विचारू नका, मलाच अजून नीट सांगता येत नाही.

गाडी तुम्ही हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून आणली होती. दोन माणसांची, बसकी, हिरवी, डोक्यावर छप्पर नसलेली. तेलगावात तिला तुमच्या माघारी बेडूक म्हणायचे. आई तिच्यात एकदाच बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "ह्यात बसून बाईमाणसानं पदर सांभाळावा का जीव?" पण तुमची मिजास होती ती. साखर कारखान्याचे डायरेक्टर तुम्ही, बाकीचे सगळे जीपमधून मीटिंगला यायचे आणि तुम्ही बेडकातून. माझी बारावी झाली त्या वर्षी पाऊस झालाच नाही. उभा ऊस वाळून त्याचं सरपण झालं, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही आणि उसाच्या चरकाला घालायचं तेल पिंपात पडून राहिलं. त्यातलं डबाभर तुम्ही घरी आणलंत. कारखान्याचं आणि घरचं यात तुम्ही मंडळींनी कधी फरक केलाच नाही. अंगणात बॉनेट उघडून तुम्ही ते ओतताय, आणि काकवीसारखी जाड धार संथपणे खाली जातेय. मी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक हातात धरून तुमच्या मागं उभी आहे. त्यात तक्ता आहे, थंडीत किती पातळ तेल, उन्हात किती जाड. मी वाचून दाखवते आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "ते पुस्तक लिहिणाऱ्या गोऱ्यानं तेलगावचं ऊन बघितलंय का? एवढाले लोखंडी रोलर ह्या तेलावर फिरतेत, ही एवढीशी गाडी फिरत न्हाई व्हय?" मग गाडी चालू करून मला तेलाच्या दाबाचा काटा दाखवता. "बघ, कसा ताठ उभा हाय. लई शानपना करू नको." अहो, काटा ताठ होता कारण तेल पुढं सरकतच नव्हतं! पण हे तुम्हाला सांगायचं कुणी? कारखान्यात तुमच्यापुढं कुणी बोलत नव्हतं, घरात तर त्याहून नाही.

त्या वर्षी कोर्टकचेरीत मेडिकलचे प्रवेश लांबले होते. दिवाळी उलटली, पहाटे अंगावर शाल लागायला लागली आणि मला बोलावणं आलं. वेटिंग लिस्टमध्ये माझं नाव होतं. अंबाजोगाईच्या कॉलेजात दहा वाजता नावं पुकारणार, जो हजर असेल त्याला जागा. मी आदल्या दिवशीच एसटीनं जाऊन मावशीकडं राहते म्हटलं, तर तुम्ही उसळलात. "डायरेक्टरची पोरगी हाय तू. माझ्या गाडीत जायचं." सकाळी गाडी कशीबशी चालू झाली. सुरुवातीलाच इंजिनाच्या वरच्या अंगानं टकटक आवाज यायला लागला, तुम्ही म्हणालात, गरम झाली की जाईल. धारूरचा घाट लागला, टकटकीची खडखड झाली आणि अर्ध्या चढावर गाडी अशी काही करकचून थांबली की माझं कपाळ पुढच्या काचेवर आपटलं. तुम्ही खाली उतरलात, बॉनेट उघडलंत, मिटलंत, परत उघडलंत. तेवढ्यात मागून ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. आपला कारखाना बंद, म्हणून आपल्याच भागातली माणसं कर्नाटकात निघाली होती, बायका, लेकरं, भांडीकुंडी, शेळ्या. मुकादमानं ट्रक थांबवला. "साहेब, ताईला केबिनीत बसवतो. धाच्या आत कॉलेजापाशी सोडतो." वरून एक बाई म्हणाली, "अवं येऊ द्या की लेकराला." माझा एक पाय ट्रकच्या पायरीवर होता, आण्णा. आणि तुम्ही म्हणालात, "उतर. गाडी आत्ता चालू हुती."

ती चालू झाली नाही. तुमच्या हयातीत ती पुन्हा कधीच चालू झाली नाही. ट्रक गेला, ऊन वर आलं, दहा वाजले, अकरा वाजले. तुम्ही माझ्याकडं बघतही नव्हतात. तुमच्या कारखान्यानं ज्यांच्या हातचा कोयता काढून घेतला, त्यांच्या ट्रकमधून तुमची मुलगी कॉलेजच्या दारात उतरली असती तर तुमचं नाक खाली गेलं असतं, एवढंच ना? पण त्यासाठी मी तुम्हाला एक वेळ माफ केलं असतं. मला जाळतं ते पुढचं आहे. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "पोरगी घाबरली. घाटात रडाया लागली, गाडी थांबवाया लावली. मंग काय, माघारी आणली." गाडीची अब्रू राखायला तुम्ही पोटच्या पोरीला भित्री ठरवलंत! आणि लोकांनी ते खरं मानलं. मी पुढं बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, बीडच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, तरी अजून लग्नाकार्यात कुणीतरी म्हातारी भेटते आणि माझा गाल कुरवाळत म्हणते, "तू डाक्टरच व्हायची गं, पर तवा घाबरलीस." मी हसते. आतून मात्र पेटलेली असते.

आता मिस्त्रीनं इंजिन नवं बांधलं आणि मला विचारलं, तेल कोणतं घालू. मला काय वाटलं असेल? तुमच्या बरोबर उलटं करायचं. आजच्या नव्या मोटारींत घालतात तसलं एकदम पातळ तेल मी आणलं. मिस्त्री नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही, हेका तुमच्याकडूनच आलाय. भर दुपारी हायवेवरून आणून गाडी गॅरेजपुढं उभी केली, तर काटा लोळण घेत खाली आला. जुन्या पद्धतीचं इंजिन, आतले सांधे सैल, तापल्यावर त्याला जाडच तेल लागतं. शेवटी डब्यावर वीस आणि पन्नास लिहिलेलं घेतलं. पहिला आकडा थंड इंजिनाचा, तेव्हा ते बऱ्यापैकी वाहतं. दुसरा तापल्यावरचा, तेव्हा ते जाडपणा धरून ठेवतं. म्हणजे दुपारपुरते तुम्ही बरोबर होतात, आण्णा. पण माझं नाव थंडीतल्या सकाळी पुकारलं. हा हिशोब कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट संताप झाला, कारण मला तुम्ही पूर्ण चुकलेले हवे होतात आणि तुम्ही तेवढंसुद्धा धड होऊ दिलं नाहीत.

हे पत्र कुठं जाणार नाही, ते मलाही कळतं. लिहून झालं की फाडीन, नाहीतर राहील कपाटात. पण कालचं एक सांगायचं राहिलंय. मिस्त्री नवं तेल ओतत होता. तळाचं ते डांबर म्हणजे चरकाचं तेल, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. ओतता ओतता म्हणाला, "म्याडम, एवढ्या भारी गाडीत चरकाचं तेल घातलं तरी कुणी? कोन येडा हुता?" जन्मभर मला कुणीतरी हे विचारायला हवं होतं. तेव्हा घाटात जळालेलं बेरिंग माझ्या हातात होतं, उत्तर जिभेवर होतं, घाट, ट्रक, कँटीन, सगळं. आणि मी म्हणाले, "होता एक ड्रायव्हर." "तरीच," तो म्हणाला, आणि डब्यात उरलेलं तेल निथळवायला लागला. आपल्याकडं ड्रायव्हर कधीच नव्हता, आण्णा.