ग्रीस लावलेले बारा व्हॉल्व्ह

१० फेब्रुवारी २०२५

बुडबुडे! रेल्वेच्या पेट्रोल वॅगनचे बारा बटरफ्लाय व्हॉल्व्ह पाण्यात बुडवून हवा सोडली, बाराही गळतायत. या खेपेच्या रबरी रिंगाच कडक, फट राहते. उद्या रेल्वेचे इन्स्पेक्टर येणार. आणि आकारामतात्या नेसरीला, नातीच्या बारशाला! टेस्टिंगवर त्यांची अठ्ठावीस वर्षं, माझे सहा महिने. मालक दारातूनच— "शिवलीला, माल उद्या गेला पायजे. न्हाय म्हणायचं न्हाय."

११ फेब्रुवारी

सगळे पास! रिंगेवर बोटानं ग्रीस फिरवलं, फट बुजली. साखर कारखान्याच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला तात्या फिरवतात, तेच बघून शिकले. इन्स्पेक्टरसमोर एक बुडबुडा नाही. मालकांनी सगळ्यांना भेळ मागवली.

१३ फेब्रुवारी

तात्या आले. फुशारकीनं सांगितलं त्यांना. ते ओरडलेच. "अगं बये, ते पाण्याचं हुतं! पेट्रोल ग्रीस खातंय की गं!"

दोघं मालकांकडे गेलो. "आता बसवलं बी असतील. गप ऱ्हावा."

राहिलो गप. मीसुद्धा.

२ मार्च

जेवण जात नाही. आई विचारते, पित्त झालंय का? हो म्हणते.

१९ मार्च

झालं. डेपोत एकजण वॅगनचं खालचं झाकण काढत होता. व्हॉल्व्ह बंद असूनही पेट्रोल भसाभस अंगावर, आणि भडका. व्हॉल्व्ह आमचाच, त्या बारातला. माणूस दुपारी गेला. दोन मुली आहेत म्हणे.

मी मेले असते तर बरं, असं दिवसभर म्हणतेय. म्हणायला काय जातंय! संध्याकाळी चहा प्यालेच की.

२१ मार्च

उद्या चौकशीचे साहेब येणार. तात्यांनी बाजूला घेतलं. "तू तोंड उघडायचं न्हाय. आईची शपथ हाय तुला. मी बघतो."

"तात्या, अकरा अजून रुळावर आहेत. ते काढायला सांगा."

"सांगतो म्हटलं न्हवं?"

मी विश्वास ठेवला. खरं तर सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला.

२४ मार्च

तात्यांनी लिहून दिलं— "ग्रीस मी लावलं." मला वाचवायला! मालकांनी त्यांची रजा हजेरीतून खोडली, वर "एकाच व्हॉल्व्हला लावलं म्हणून लिवा, न्हायतर कारखाना बुडंल" म्हणाले. तात्यांनी तसंच लिहिलं. एकाच!

चौकशी मिटली. अकरा वॅगन भरून पळतायत.

साहेब शाहूपुरीतल्या लॉजवर आहेत, दुपारच्या गाडीनं जाणार. मी निघाले. तात्यांना खोटं पाडायला.