चिंचेनं घासलेल्या शिवराया

अमरावती,
१२ मार्च १९६४

प्रिय कौशे,

अनेक आशीर्वाद. दिवाळीतल्या त्या एका पत्रानंतर तुझं बाबांना एक साधं कार्डसुद्धा नाही. बाबा रोज दुपारी ओट्यावर बसून टपालवाल्याची वाट पाहतात, आणि तो पुढं निघून गेला की 'अकोल्याची डाक उशिरा आली असंल' असं मलाच समजावतात. तू का रुसलीस ते मला ठाऊक आहे. त्यांनी नाण्यांचा डबा तुझ्याकडे पाठवला, सोबत चिठ्ठी दिली की मीच घासली, चुकलं. तू उलट टपाली लिहिलंस, 'तुम्हीच शिकवलं आणि तुम्हीच मातीत घातलं, आता मला लिहू नका.' ते पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. अजून तिथंच आहे.

त्या डब्याबद्दल मला थोडं बोलू दे. इतकी वर्षं तूच बोललीस. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची, तू चारची. बाबा कापसाच्या जिनात कारकून. रविवारी बाजारात बुधाजी तांबटाकडे जायचे आणि वितळवायला आलेल्या ढिगातून शिवराया, ढब्बू पैसे अशी जुनी तांब्याची नाणी वेचून आणायचे. नवे पैसे निघाले त्या साली तर एकदम मूठभर आणले. मग घरी त्यांचं काय ते कौतुक! मलमलीचे तुकडे, खळ जाईपर्यंत तीनदा धुतलेले, प्रत्येक नाण्याला वेगळा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि आतली ओल ओढून घ्यायला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. तांब्याला घाम लागला की डाग पडतो, म्हणून नाणं कडेनंच धरायचं, तेही कोरड्या हातानं. मी एकदा हात पुढं केला तर म्हणाले, "मैने, तू नको लावू वं, तुह्या हाताले मीठ आहे. कौशे, तू घे."

होतंच मीठ. भाजीचं होतं, लोणच्याचं होतं. तुझे हात कोरडे राहायचे, कारण चूल मी सांभाळत होते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तो तांदूळ कोण भाजत होतं गं? मीच. भाजून पुरचुंडी बांधून उंबऱ्यापाशी ठेवायची आणि आतून तुम्हा दोघांचं हसणं ऐकायचं. तू एकेक नाणं उजेडात धरून अक्षरं लावायचीस, बाबा 'शाबास वं माय' म्हणायचे. मला कधी म्हणाले नाहीत. माझं लग्न झालं, पोरं झाली, बाबा म्हातारपणी माझ्याच घरी राहायला आले, त्यांच्या दम्याचा काढा मी करते, आणि तरी बोलणं सुरू झालं की कौशी असं म्हणायची, कौशीला ते नाणं लगेच ओळखू यायचं. ऐकून ऐकून कान किटले माझे.

गेल्या दिवाळीत पितळ्या, पाण्याचे गुंड, सगळी भांडी घासायला काढली होती. सकाळीच बाबा म्हणाले, "डबा आता कौशीले देऊन टाकतो, ते जपंल." म्हणजे माझ्या घरात सहा वर्षं तो जपला गेला तो आपोआपच! दुपारी ते देवळात गेले. मी डबा उघडला. जन्मात पहिल्यांदा. त्रेचाळीस नाणी होती, तपकिरी, मऊ दिसणारी. चिंच घेतली, मीठ घेतलं, आणि एकेक नाणं भांड्यासारखं खसाखसा घासलं. मला कळत होतं गं. शंभर-दीडशे वर्षांचा तो रंग एकदा गेला की परत येत नाही, हे त्या उंबऱ्याबाहेर बसून मीही शिकले होते. नाणी लालभडक झाली आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बाबा आले तेव्हा नाणी सुपात वाळत होती. ते उभेच राहिले. मी म्हटलं, दिवाळी आहे, साफ केली. त्यांनी खाली बसून एकेक पुसलं, मलमलीत गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी तुला ती खोटी चिठ्ठी लिहिली. मी विचारलं, काहून खोटं लिहिता? तर म्हणाले, "तिचा माह्यावरचा राग चार दिवस टिकंल. तुह्यावरचा जन्मभर टिकला असता. मी गेल्यावर तुमी दोघीच राह्यता."

खरं सांगते, चार महिने मी गप्प बसले ते भीतीनं नव्हे. बाबांनी फक्त माझ्यासाठी केलेली ही एवढी एकच गोष्ट, ती मला तुझ्याशी वाटून घ्यायची नव्हती. शिवाय तू रुसलीस, आता ते माझे एकटीचे, असंही वाटलं. पण काल टपालवाला गेल्यावर ते काहीच बोलले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत. दमा फार वाढलाय, डॉक्टर रोज येऊन जातात आणि मला बाजूला घेऊन बोलतात. तेव्हा तू ये. मला काय बोलायचं ते बोल, पण नंतर, आधी त्यांच्यापाशी बस. तुला दारात पाहून त्यांचा चेहरा जसा फुलेल तसा माझ्यासाठी कधी फुलला नाही. मी तिथंच उभी राहून पाहीन आणि माझा पुन्हा जळफळाट होईल. होऊ दे. तू मिळेल त्या गाडीनं ये.

तू म्हण वा न म्हण, तुझीच,
मैनाताई