हॅथवेला दिलेला शब्द

एल्मडेल, ८ जानेवारी १९८५

चि. आर्विड यास,
ॲग्नेसताईचे अनेक आशीर्वाद.

परवा रेडिओवर तुझं भाषण ऐकलं. सरकारनं अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तू आमदारकीच्या बावीस वर्षांत इतक्यांदा सांगितलंयस की चर्चमधल्या बायका आता तुझ्याआधी वाक्य पुरं करतात. मतंही तुलाच देतात म्हणा, तेव्हा तक्रार नाही.

आता कामाचं. मतिमंदांचे सरकारी आश्रम बंद करायचं बिल तुमच्या सभागृहात आलंय म्हणे. आपला धाकटा लॉइड लहानपणापासून तिथं आहे. त्याची समज पोरवयातच थांबली खरी, पण तिथल्या गोठ्यात त्याच्यावाचून पान हलत नाही. रविवारी भेटायला गेले, तर मला बस म्हणायच्या आधी गायींची खुशाली सांगत सुटला. त्याला तिथून हलवलं तर तो तगायचा नाही, आर्विड. खर्च कमी करणं हा तुमच्या पक्षाचा धर्म, हे मला कळतं. पण मी जन्मात तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. एवढं कर.

सोबत बटाट्याच्या पोळ्या पाठवतेय. एकट्यानं खा, पक्षाला वाटत बसू नकोस.

तुझी,
ॲग्नेसताई


राजधानी, २१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोळ्या पोचल्या. वासावर अर्धा पक्ष गोळा झाला, माझा नाइलाज होता.

काळजी सोड. मी बिलाच्या विरोधात मत देणार. आमचे पुढारी डोळे वटारतायत, पण डोकी मोजून झालीत, बिल आरामात पडतंय.

एक गोष्ट मात्र तुला कळवून ठेवतो. पलीकडच्या पक्षाचा हॅथवे बिलाच्या बाजूचा आहे. मोठे आश्रम म्हणजे तुरुंग, असं त्याचं म्हणणं. आमचं आजवर एकाही बाबतीत पटलेलं नाही, आणि जेवतो मात्र एकाच टेबलावर. त्याची बायको डोरिस आता थोड्या दिवसांची सोबती आहे. तिला सोडून तो मतदानाला येणार कसा? म्हणून त्यानं माझ्याकडे जोडी मागितली. तो गैरहजर असेल तेव्हा मी हजर असूनही मत द्यायचं नाही, म्हणजे दोघांची मतं एकमेकांत जिरली. इथली ही जुनी रीत आहे. सही नाही, शिक्का नाही, नुसता हातात हात. मी दिला. लॉइडचं त्याला काही बोललो नाही. घरचं गाऱ्हाणं चारचौघांत नेऊ नये, हे बाबांनीच शिकवलंय.

तुझा,
आर्विड


एल्मडेल, ८ फेब्रुवारी

आर्विड,
आशीर्वाद आहेतच, आज लिहवत नाहीत.

एका मतानं बिल पास झालं. आयत्या वेळी तुमच्यातलेच काही फिरले, असं रेडिओवाला म्हणाला. तुझं नाव पुकारल्यावर तू उठलास, मी बिलाच्या विरोधात आहे पण हॅथवेशी जोडी असल्यानं मत देत नाही, एवढं बोलून खाली बसलास आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या, हेही त्यानं सांगितलं. तू मत दिलं असतंस तर बरोबरी झाली असती आणि बिल तिथंच मेलं असतं. शब्द तू द्यायचास आणि निभवायचा लॉइडनं, हा कुठला न्याय?

मला उत्तर नको.

ॲग्नेस


राजधानी, २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहितो. काल लॉइडला मी स्वतः गाडीतून नव्या घरी पोचवलं. गावाच्या कडेला चौघांचं घर आहे, स्वच्छ आहे, माणसं मायाळू वाटली. वाटभर तो एकच विचारत होता, "उद्या दूध कोण काढणार?" काढेल कोणीतरी, म्हटलं. गायी केव्हाच लिलावात गेल्यात, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

मतदारसंघातून कौतुकाची पत्रं येतायत. ती वाचवत नाहीत. बाबांनी अख्ख्या पंचक्रोशीचा गहू तोंडी बोलीवर घेतला. त्यांचा मुलगा मरणाला टेकलेल्या बाईच्या नवऱ्याला फसवणार कसा? हॅथवेला फोन करून शब्द परत मागावा, असं मतदानाच्या सकाळी, आमचे काही फिरतायत हे कळल्यावर, मनात आलं होतं. तेवढ्यात डोरिस गेल्याचं कळलं, आणि मग फोनला हात लागेना.

रागावलीस तरी तब्येतीला जप.

तुझा,
आर्विड


एल्मडेल, १४ डिसेंबर

चि. आर्विड यास,
अनेक आशीर्वाद.

लॉइडच्या दफनाच्या वेळी तू मागच्या बाकावर बसलास आणि जेवायला न थांबता निघून गेलास. बायका विचारत होत्या, काय सांगू त्यांना? पुढची निवडणूक लढवणार नाहीस, हेही मी पेपरातच वाचलं.

त्या नव्या घरी त्याला सांभाळणाऱ्या बाईंनी मला सगळं सांगितलं. लॉइड रोज पहाटे उठून बूट चढवायचा आणि त्या त्याला समजावून परत निजवायच्या. त्या दिवशी बर्फ पडत होतं, त्यांचा डोळा लागला होता. शेजारच्या शेताच्या कुंपणाशी सापडला तो. पलीकडे गोठा होता.

तू गेल्यावर हॅथवे माझ्याजवळ येऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "बाई, वीस वर्षं आम्ही एकत्र जेवलो. त्याला भाऊ आहे हे मला आज कळलं. एकदा बोलला असता तर मी तिथल्या तिथं त्याचा शब्द परत केला असता." डोरिस गेली त्या दिवशीसुद्धा केला असता, म्हणाला. आणि रडला, आर्विड, माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला.

हे तुझ्यापासून लपवावं, असं आधी ठरवलं होतं. पण बाबांच्या त्या चूप राहायच्या शिकवणीनं आपल्या घराचं जेवढं वाटोळं झालं तेवढं पुरे. मला तुझा राग आलाय, फार आलाय, आणि तो कागदावर मावत नाही. म्हणून नाताळला इकडे ये. हक्कानं रागवावं असं मला आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

लोभ दुखावलाय, आटलेला नाही.

तुझी,
ॲग्नेसताई