मंगळाच्या पल्याडचं गाव

आबा, काल आठवीच्या वर्गात एका मुलीने तुमच्या ग्रहाचा विषय काढला. मी सूर्यमाला शिकवत होते. मंगळ संपवून गुरूकडे वळणार, तेवढ्यात ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या दोघांच्या मधी एक ग्रह हुता की. फुटला त्यो. तितली माणसं हितं आली, म्हणून आपण हाय. मी मोबाईलवर बघितलो." वर्ग खो खो हसला. मला हसू आलं नाही. हेच वाक्य मी तिच्यापेक्षा लहान असताना आपल्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं, आणि ते सांगणाऱ्या माणसाला पुढे चारचौघांत गप्प केलं होतं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. फळ्याकडे तोंड करून मी उगाच एक रेघ ओढली.

तेव्हाची एक रविवारची सकाळ. तुम्हाला सुट्टी, म्हणजे आईच्या डोक्याला ताप. शाहूपुरीतल्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, मुखपृष्ठ नसलेलं ते पुस्तक तुमच्या मांडीवर, आणि समोर फरशीवर सूर्यमाला. परात म्हणजे सूर्य, कांदा म्हणजे गुरू, लसणाची पाकळी म्हणजे मंगळ. त्या दोघांच्या मध्ये तुम्ही आईने निवडून ठेवलेली मूठभर तूरडाळ उधळता. "ह्यो बघ, फुटला! अजून फिरत्यात तुकडं." आई मागे न वळता म्हणते, "ग्रह फुटू दे न्हायतर ऱ्हाऊ दे. डाळ येचून द्या आधी." मग आपण दोघं डाळ वेचत बसतो आणि तुम्ही पुढचं सांगता. ग्रह फुटणार हे कळल्यावर तिथली माणसं मिळेल त्या यानात बसून निघाली. "असल्या घाईत कोण कुणाची जात इचारतंय? सगळी एकदमच आली. म्हंजे हितं सगळी पावणंच की! आपल्यात अनोळखी माणसाला पावणं म्हणत्यात, ते काय उगच न्हाय." सात वर्षांच्या मुलीला न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. आपल्याला कोणी "मूळचं कुठलं?" विचारलं की मी "मंगळाच्या पल्याडचं" असं ठणकावून सांगायची, आणि तुम्ही खूश व्हायचात.

तुम्ही कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर. वर्षभर वाळूचे साचे करायचे आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची, त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडत. तुम्ही मला पेढा मिळायच्या आधीच मागच्या कोपऱ्यात नेलं होतं. तिथे फसलेल्या ओतकामाचा ढीग होता, भोकं पडलेलं, तडकलेलं, पुन्हा वितळवायला काढलेलं. त्यातला मुठीएवढा तुकडा तुम्ही माझ्या हातात ठेवलात. "घे. आपल्या गावचा हाय." मी तो कापडात गुंडाळून दप्तरात वागवत असे. अजून आहे माझ्याकडे. शाळेत टेबलावर उत्तरपत्रिकांवर ठेवते, पंख्याने उडू नयेत म्हणून.

मग ती खोली. मी पाचवीत असेन. कारखान्याजवळ राहायला जायचं म्हणून आपण तिघं खोली बघायला गेलो होतो. खोली छान होती, नळ घरात होता, आईने तर देवळी बघून डबे कुठे ठेवायचे तेही ठरवलं. घरमालकीणबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "पावणं, मूळचं कुठलं तुम्ही?" तुम्ही पेला खाली ठेवलात आणि हसून म्हणालात, "मंगळाच्या पल्याडचं." त्या हसल्या. मग त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या अंगाला ते विचारलं. तुम्ही सगळं सरळ सांगितलंत. आपण बौद्ध आहोत हेही सांगितलंत, कारण त्या तेच विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली भाच्याला दिली. मला वाटलं, तुम्ही तो वेड्यासारखा ग्रह मध्ये आणलात म्हणून खोली गेली. माझं पोरवय होतं, मला नळ हवा होता. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्ही मला कारण समजावून सांगितलं नाहीत. एवढंच म्हणालात, "चुकलंच माझं."

खरं कारण मला पुढे कळलंच. तरी राग तुमच्यावरच राहिला. घरमालकिणीवर रागवायला धाडस लागतं, बापावर रागवायला काहीच लागत नाही.

म्हणून ते झालं, आबा. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष, शाळेत विज्ञान प्रदर्शन, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. मुख्याध्यापकांनी आपुलकीने विचारलं, "पावणं कुठलं?" आणि तुम्ही सुरू झालात. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, पुरे. असा कुठलाही ग्रह फुटलेला नाही." आणि पुढे पाठ म्हटल्यासारखं सांगत सुटले, की त्या पट्ट्यातले सगळे दगड गोळा केले तरी आपल्या चंद्राएवढेसुद्धा भरणार नाहीत, की तिथे ग्रह कधी झालाच नाही, कारण शेजारच्या गुरूच्या ओढीने ते तुकडे एकत्र येऊच शकले नाहीत. तुम्ही मान हलवत नीट ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजे मोठ्यानं एकत्र येऊ दिलं न्हाय म्हण की." मी म्हणाले, "तसं नसतं ते. ते गुरुत्वाकर्षण आहे." तुम्ही म्हणालात, "व्हय, व्हय. आसंल." त्यानंतर तुम्ही त्या ग्रहाचं नाव काढलं नाहीत. पुस्तकही दिसलं नाही. मी जिंकले होते आणि बरोबरही होते. विज्ञान आजही माझ्याच बाजूने आहे. पण तुम्ही ग्रहाबद्दल बोलतच नव्हतात हे मला तेव्हा ऐकू आलं नाही, याची मला लाज वाटते.

काल त्या मुलीला मी गप्प केलं नाही. आधी दगडांचं सांगितलं, गुरूचं सांगितलं. मग सांगितलं की माणसं दुसरीकडून कुठूनही आली नाहीत. माणसाच्या जुन्यात जुन्या पूर्वजांची हाडं याच पृथ्वीवर, आफ्रिकेत सापडली, आणि तिथूनच आपण सगळे चालत चालत जगभर पसरलो. ती म्हणाली, "म्हंजे सगळ्यांचं मूळ गाव एकच की ओ मॅडम!" मी म्हणाले, हो. तुम्ही असता तर मागच्या बाकावरून टाळी वाजवली असतीत. तुमची गोष्ट सगळी चुकीची होती, आबा, उत्तर तेवढं बरोबर होतं.

आता एक सांगायचं राहिलं. आम्ही गेल्या महिन्यात नवा फ्लॅट घेतला. नळ घरात, तोही चार ठिकाणी. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई रव्याचे लाडू घेऊन आल्या, फार मायेने बोलल्या, आणि निघताना दारात विचारलं, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" माझ्या आडनावावरून काही कळत नाही. मी म्हणाले, "हितल्याच की, जवळच्याच," आणि लिफ्ट आल्याचं सांगून विषय तोडला. आत आल्यावर पाहिलं तर बैठकीत लावायची बुद्धाची तसबीर अजून चादरीत गुंडाळलेली. ती अजून तशीच आहे. कदाचित त्यांनी नुसतंच विचारलं असेल. चांगल्या आहेत हो त्या. पण पुन्हा विचारलं तर तुमचं उत्तर मला देता येत नाही, ते मीच खोटं ठरवलंय. आणि खरं उत्तर, जे तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवून सरळ दिलंत, ते देणं मला अजून जमलेलं नाही.

हे पत्र त्या लोखंडाच्या तुकड्याखाली ठेवून देईन. त्यांचा लाडवांचा डबा आठ दिवस आमच्या ओट्यावर आहे. शेजारचा डबा रिकामा परत देत नाहीत, आणि भरून द्यायला घरात काही नाही, असं मी ह्यांना सांगितलंय. घरात सगळं आहे, आबा.