गोजरच्या नावावरची पंगत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, शिक्षण विभाग.

अर्जदार : श्रीमती गोजर बारकू फर्डे, मु. हेदीचा पाडा, पो. डोळखांब, ता. शहापूर, जि. ठाणे.

विषय : शाळेतील पोषण आहाराच्या स्वयंपाकिणीच्या दुसऱ्या जागेसाठी अर्जदाराचा विचार होणेबाबत, आणि "अर्जदार अन्नदाती असून सधन आहे" हा शेरा काढून टाकणेबाबत.

संदर्भ : आमच्या पाड्याच्या शाळा समितीतर्फे वैशाखात झालेली घरचौकशी.

महोदय,

१) अर्जदार सातवी शिकलेली आहे. अर्ज तिने स्वतः लिहिला आहे. मुलगी नम्रता हिने सांगितले की, "आये, सरकारी कागदात मी-मी करायचं नाय, अर्जदार लिहायचं." म्हणून तसे लिहिले आहे. असे लिहिले की कुण्या दुसऱ्याच बाईची हकीकत वाटते. ते बरे पडते.

२) अर्जदाराचे पती महामार्गालगतच्या एका गोदामात हमाली करीत. गोदाम बंद पडले. पुढे मागच्या वर्षीच्या शिमग्यात ते वारले. मुलगा ऋतिक कसाऱ्याला हॉटेलात लागला आहे, त्याचे त्याला पुरते. खाचर एकच, त्यातले भात दिवाळीच्या पावसाने आडवे झाले. याबद्दल जास्त लिहीत नाही. पाड्यात घरोघरी थोडेफार हेच आहे.

३) अर्जदाराला कीर्तनाची आवड लहानपणापासूनची. पती गेल्यावर घरात बसवेना, तेव्हा ती सप्ताहांना स्वयंपाकाच्या सेवेस जाऊ लागली. इकडे डोळखांबच्या पाड्यांतून, तिकडे मुरबाडच्या अंगाला वैशाखरे गावापर्यंत, कोणी जीप पाठवली की जाते. सेवेचा मोबदला कोणी घेत नाही, तिनेही घेतला नाही. पण आमच्याकडची रीत अशी की, पंगत उठल्यावर पातेल्याच्या बुडाला राहील ते स्वयंपाकिणीने घरी न्यावे. वर्षभर घर त्या बुडावर चालले. उरलेला भात ती उन्हात वाळवून ठेवते आणि लागेल तसा पुन्हा शिजवते. चुलीकडे तोंड करून बसले की मंडपातला मृदंग पाठीतून ऐकू येतो, साहेब. हे वाक्य खोड असे नम्रता म्हणाली होती. राहू दिले आहे.

४) चैत्रात आमच्या पाड्याचा सप्ताह बसला. रोजची पंगत एकेक घर घेते. यंदा काल्याच्या आदल्या दिवसाची पंगत कोणीच घेतली नाही. कोणाच्या हाताला काम नाही, कोणाला दोष द्यावा? शेवटी प्रत्येक घरातून मूठमूठ तांदूळ गोळा झाला, डाळही तशीच. जेवण भरपूर झाले. परंतु आमच्याकडे बिननावाची पंगत बसत नाही. अन्नदात्याचे नाव पुकारल्याखेरीज कोणी पहिला घास उचलत नाही. एका घराचे नाव घ्यावे तर बाकीची रुसतात. पाने वाढून झाली, माणसे हात आवरून बसली, तेव्हा सप्ताहाचे प्रमुख यमाजीदादा चुलीपाशी आले व म्हणाले, "गो गोजर, रांधलंस तू. तुझंच नाव पुकारतो. तुझ्या नावावर कोन भांडनार?" अर्जदाराच्या हातात झारा होता. ती "बरं" म्हणाली. तिचा गुन्हा असेल तर एवढाच आहे.

५) त्या रात्रीच्या कीर्तनात साईनाथबुवांनी अर्जदाराला पुढे बोलावून हार व नारळ दिला. माइकवरून विचारले, "माउली, सगळ्यांना जेवू घातलंस, तू जेवलीस का गो?" मंडप हसला. अर्जदारही हसली. ती जेवली नव्हती. नेमका त्याच वेळी फोटो निघाला, आणि पाड्याच्या पोरांनी कौतुकाने त्याचा मोठा फ्लेक्स करून डोळखांब रस्त्याच्या फाट्यावर लावला. वर विठोबा, खाली नारळ धरलेली अर्जदार, आणि "अन्नदाती" अशी अक्षरे. पोरांवर राग नाही.

६) वैशाखात शाळेतील स्वयंपाकिणीची जागा निघाली. गरजू बाईस प्राधान्य, असे समितीने सांगितले होते. अर्जदाराने अर्ज केला. चौकशीचे साहेब फाट्यावरूनच आले. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही गावजेवण घालता, आणि ही नोकरी तुम्हाला हवी?" अर्जदाराने तांदूळ गावाचा होता असे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग नाव तुमचं कसं?" याचे उत्तर पाड्यातल्या कोणालाही येते. साहेब पाड्यातले नव्हते. अंगणात सुपात भात वाळत होता. साहेबांनी जाताना तेही टिपून घेतले : घरी धान्य वाळत घातलेले आढळले.

७) जागा दिपिकाला मिळाली. दिपिका गरीबच आहे, तान्हे मूल आहे, तिचे काढून घ्या असे अर्जदाराचे म्हणणे मुळीच नाही. पण तिला मोठ्या पातेल्याची सवय नाही. शाळा उघडली त्याच आठवड्यात ती दारात येऊन रडली, "काकी, तुमी चला ना, मला अंदाजच येत नाय." तेव्हापासून शाळेतली खिचडी अर्जदार रांधते. समितीला माहीत आहे. समिती म्हणते, तुमच्यासारख्यांनी सेवाच करावी. मध्यंतरी दोन पाड्यांचे लोक पुढच्या सप्ताहाची पंगत घ्याल का म्हणून विचारून गेले. त्यांना चहा द्यावा लागला. गेल्या पालकसभेत समितीने विनामोबदला सेवेबद्दल अर्जदाराला पुन्हा नारळ दिला. फोटो काढतेवेळी ती पातेल्याआड उभी राहिली.

८) शाळेतील बुडाची खिचडी मात्र घरी नेता येत नाही. ती सरकारी आहे, आणि ते बरोबरच आहे. शिवाय आता सप्ताहांचे दिवस नाहीत. वाळवलेला भात संपत आला आहे. अर्जदाराला भूक फारशी लागत नाही, पण नम्रता वाढत्या वयाची आहे.

९) मुले वाढल्यामुळे शाळेत दुसरी स्वयंपाकीण घेण्याचे ठरले आहे असे कळते. सबब विनंती की, ती जागा अर्जदाराला मिळावी. ती रोज जे काम करते तेच तिला करू द्यावे, फक्त तिचे नाव नोकरीवर लिहावे. पंगतीवर लिहिलेले नाव आता कोणाला काढता येत नाही. यमाजीदादांनी प्रयत्न केला. पंचमंडळी म्हणतात, एकदा पुकारले ते देवापुढे पुकारले. म्हणून नाव राहू द्यावे, शेरा तेवढा काढावा. जागा नाहीच मिळाली तरी शाळेतला भात अर्जदार बंद करणार नाही. पोरांचा यात काही संबंध नाही.

विठोबा आपणास सुखी ठेवो. आणखी लिहीत नाही.

बोलावल्यास हजर राहणारी,
गोजर बारकू फर्डे
(स्वतःची सही)
दिनांक : १४ जुलै २०२५

सोबत :
(१) रेशनकार्डाची झेरॉक्स.
(२) तांदूळ गावाचा होता याबद्दल यमाजीदादांचे सहीचे पत्र.
(३) वाळवलेल्या भाताची पुडी. कृपया शिजवून पाहावी. धान्य नाही हे लगेच कळते.
(४) फ्लेक्स सोबत जोडता आला नाही. ज्येष्ठातल्या वाऱ्यात घरावरचे पत्रे गेले, तेव्हा यमाजीदादांनी तो फाट्यावरून काढून आणून पत्र्यांच्या जागी घरावर टाकून दिला. देवाच्या चित्रावर कावळे बसू नयेत म्हणून छापील बाजू आत केली आहे. पाहणीस यावयाचे झाल्यास आत येऊन खाटेवर आडवे व्हावे, म्हणजे अन्नदाती सरळ दिसते. पाऊस सरेपर्यंत तो काढता येणार नाही.