वरचं उत्तर, खालचा प्रश्न

३ फेब्रुवारी

चि. बबडीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझी ईमेलं मिळतात, पण वाचताना जीव मेटाकुटीला येतो. तू उत्तर वर लिहितेस आणि माझं पत्र खाली लोंबत राहतं. आधी उत्तर, मग प्रश्न! पोहायला शिकवताना मी आधी उडी आणि मग श्वास असं कधी सांगितलं नाही.

असो. आपला फ्रीज अखेर गेला. दुकानदार दोन दारांचा घे म्हणतो. घेऊ का?

तलावावर यंदा मुलं खूप आहेत. घसा बसलाय, बाकी ठणठणीत.

आणखी एक. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी मला लग्नाचं विचारलंय. या वयात हो म्हणू का गं?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

हो, हो, हो! डोळे झाकून हो म्हण. एकटीला कशाला, हा विचार सोड. पंधरा वर्षं कुरकुर न करता सोबत करेल. ऑफिसात आहे, घाईत लिहितेय.

बबडी

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

आज तुझं दोन ओळींचं पत्र आलं, की पुढच्या महिन्यात नोंदणी लग्न आहे आणि मी साक्षीदार. मग खाली सरकत तुझं जुनं पत्र शेवटपर्यंत वाचलं. आत्या, मी फ्रीजपर्यंतच वाचलं होतं गं! तक्रार विभागात दिवसभर ताजं पत्र वर येतं, पहिल्या चार ओळी बघायच्या आणि वरच्यावर उत्तर ठोकायचं. हात तसाच वळलाय.

माझा 'हो' फ्रीजला होता. त्याच्या भरवशावर तू संसार मांडत असशील तर अजून थांबता येईल. घड्याळजींशी मी बोलेन, वाईटपणा माझ्याकडे. रागाव, पण लगेच कळव. सकाळपासून घास उतरलेला नाही.

रागातही आपलं म्हण.
बबडी

२० फेब्रुवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद, आणि आधी जेवून घे.

माझ्याकडे पत्रं जुनी वर, नवी तळाशी अशी लावलीत. जो आधी आला त्याला आधी उत्तर. तुझं पत्र वीजबिल आणि साड्यांच्या जाहिरातींखाली पडून होतं. ते उघडण्याआधीच जिन्यात घड्याळजी भेटले. माझे केस ओले, खांद्यावर टॉवेल. ते घसा कसा आहे एवढंच विचारत होते, आणि मी हो म्हणून बसले.

मग वर येऊन तुझं उत्तर वाचलं आणि एकटीच हसत सुटले. कुरकुर न करणारा फ्रीजच असणार, हे तेव्हाच ओळखलं. घड्याळजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, पंधरा वर्षांची वॉरंटी काही देता येणार नाही, पण दुरुस्ती घरच्या घरी होईल.

तुला विचारलं खरं, पण परवानगीसाठी नव्हे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि मला सांगायला तूच आहेस.

तुझ्या बाबाला अजून कळवलेलं नाही. धाकटा असून तो मला ओरडेल. ते काम तुझं. त्याला मात्र पहिल्याच ओळीत सांग.

आता आमच्या दोघांवर लोभ कर.
तुझी आत्या