ज्ञानेश खेळ सोडणार नाही

प्रिय विसू,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे बरे आहेत. तुझे भावोजी बरे, ज्ञानेश बरा, माझ्या गुडघ्याचं जे आहे ते आहे. केरू फिटर महिनाभर इथे जेद्दात कामाला होता, तो उद्या परत रास अल खैरला तुमच्याच कॅम्पात चाललाय. त्याच्याकडे कुळथाचं पीठ दिलंय आणि त्याच पिशवीत हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी दोन शब्द काढले की तुझं सुरू, आक्का थांब, मी समजावतो. कागद मला थांबवत नाही. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, चुका असतील, लाल पेन काढून बसू नकोस.

तुला हा बेसबॉल अजून पोरखेळ वाटतो, म्हणून पहिल्यापासून सांगते. भावोजी ज्या अमेरिकन लोकांच्या कंपाउंडात एसीचं काम बघतात तिथे मैदान आहे. सातवीत असताना ज्ञानेश त्यांच्याबरोबर गेला आणि तिथल्या पोरांत एक गडी कमी होता म्हणून याला उभा केला. याने आपल्या क्रिकेटसारखा हात सरळ ठेवून, टप्पा पाडून चेंडू टाकला. सगळी पोरं खो खो हसली. मग हम्मादने त्याला कोपर वाकवायला शिकवलं. हम्माद म्हणजे तिथला शिकवणारा, इथलाच सौदी. बाप अमेरिकेत शिकत होता तेव्हा हा तिथल्या शाळेत हा खेळ शिकला. त्याचं उर्दू माझ्या हिंदीइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमतं. कोपर वाकवलेलं बघून भावोजी दोन दिवस जेवणावर चिडचिड करत होते, की पोरगा फेकी झाला, आपल्या लांज्यात असं टाकलं असतं तर मैदानातून हाकलला असता. तिसऱ्या दिवशी स्वतःच बघायला गेले आणि तोंड मिटून परत आले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, चेंडू दिसत नाही गं, नुसता आवाज येतो.

आता कॉलेजचं. मलाही आधी कळत नव्हतं, हम्मादने चार वेळा सांगितलं तेव्हा डोक्यात गेलं. ती जी अमेरिकेतली मोठ्या अभ्यासाची कॉलेजं आहेत, जिथे नव्वद टक्केवाल्यांनाही दारातून परत पाठवतात, तिथला कोच म्हणजे नुसता शिट्टी वाजवणारा नाही. प्रवेश देणाऱ्यांकडे तो दरवर्षी मोजकी नावं घेऊन जातो, की ही पोरं मला हवीत. ते आधी मार्क बघतात. मार्क पडके असले तर कोचने डोकं आपटलं तरी उपयोग नाही. मार्क चांगले आणि कोचचा शब्द पाठीशी नाही, तर हजार चांगल्या मार्कांत तुम्ही एक. दोन्ही लागतं. आणि कोचने एका पोराचं नाव दिलं की दुसऱ्या पोराचं खोडलं. म्हणून तो नाव देताना दहा वेळा विचार करतो, घरच्यांशी बोलतो. ज्ञानेशला त्या पहिल्या कॉलेजच्या कोचने दुबईच्या सामन्यात बघितलं, मार्क मागवले, मार्क पसंत पडले. त्या मार्कांत तुझा वाटा आहे, ते मी नाकारत नाही. ड्यूटी संपवून आलास तरी तू त्याला फोनवर गणितं घालायचास. ते सगळं खरं.

मग सप्टेंबरात घरच्यांशी बोलण्याचा व्हिडिओ कॉल ठरला. आम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून तू. तू तिकडे टाय लावून बसलास, आम्ही इकडे अझीझियातल्या आमच्या खोलीत मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तू छान हसत होतास, हात जोडल्यासारखे करत होतास, मला वाटलं काम झालं. पण मी ज्ञानेशकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण मामा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही हे मीच त्याला शिकवलंय. तो कोचही हसला, थँक्यू थँक्यू म्हणाला आणि फोन ठेवला. आठवड्याने कळलं की नाव दुसऱ्या पोराचं दिलं. खलास.

तू लगेच सगळ्या नातेवाइकांना सांगून मोकळा झालास की गोऱ्यांना आपली पोरं नको असतात. भावोजींनाही पटलं. मलाही पटलं असतं. पण हम्माद घरी आला. बाहेर चपला काढून खाली सतरंजीवर बसला, चहा घेतला नाही आणि मला विचारलं, अम्मी, हा पोरगा वर्षभराने खेळ सोडणार आहे ते मला का सांगितलं नाहीत? मी म्हटलं, कोण म्हणतं सोडणार? तो म्हणाला, त्याच्या मामाने सांगितलं ना कोचला.

विसू, मी तेव्हा शेजारच्या रईसाला बोलावलं. ती हैदराबादची, शाळेत इंग्रजी शिकवते. ज्ञानेशला समोर बसवलं आणि मामा काय बोलला ते शब्दाला शब्द वदवून घेतलं. कोचने विचारलं होतं, तुमच्या घरात या खेळाला काय जागा आहे. आणि तू म्हणालास, सर, अजिबात काळजी करू नका, आमच्या घरात अभ्यास पहिला, खेळ आपला प्रवेशापुरता, पहिलं वर्ष झालं की आम्ही स्वतः त्याला बंद करायला लावू, मी जातीने लक्ष देईन.

मला आधी हसू आलं. खरंच. कारण तू काही वाईट बोलला नाहीस. आपल्या शाळेच्या हेडमास्तरांसमोर अस्संच बोलतात. मी असते तर मीपण हेच बोलले असते आणि वर सांगितलं असतं की हात उचलला तरी चालेल. पण तो हेडमास्तर नव्हता रे. तो मुलगी बघायला आलेला होता. आणि तू त्याला सांगितलंस की मुलगी गुणी आहे, तुम्ही बिनधास्त करून घ्या, वर्षभरात आम्ही तिला माहेरी परत आणतो. कोण करेल असलं लग्न?

हसू संपल्यावर राग आला, तो अजून गेलेला नाही. तू चुकलास याचा नाही. चुकतो माणूस. तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास आठवतंय? म्हणालास, बरं झालं, पीडा गेली, आता पुण्यात पाठव, माझ्या ओळखीच्या कॉलेजात बघतो, इंजिनियर होईल. आणि म्हणालास, तू माझ्यासाठी शाळा सोडलीस आक्का, त्याला एक चेंडू सोडता येत नाही?

हे तू प्रत्येक लग्नात बोलतोस. मुंजीत बोललास, तुझ्या वास्तुशांतीला माईकवर बोललास. लोक माझ्याकडे बघून डोळे पुसतात आणि मी पान खात बसते. आज कागदावर लिहून देते, परत बोलू नकोस. मी शाळा सोडली नाही. मला काढली. बाबा मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, पोरीला शिकायची आवड नाही, घरी आईला मदत करते म्हणते. मी तिथेच दाराशी पाटी घेऊन उभी होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला आवड होती की नव्हती हे मला अजून माहीत नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तू तेव्हा रांगत होतास, तुझा काय दोष? पण माझ्या गळ्यात त्यागाचा हार घालत जाऊ नकोस, मला तो टोचतो. आणि बाबांसारखं दुसऱ्याच्या पोराच्या वतीने तो काय सोडणार ते सांगत जाऊ नकोस.

तुला माहीत नाही, त्या कॉलनंतर ज्ञानेश तीन आठवडे मैदानावर गेला नाही. हातमोजा कपाटावर टाकला. जेवताना खाली बघायचा. भावोजी म्हणाले चल, मामाचं ऐक, पुणे तर पुणे. तेव्हा पोरगा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, मामा बरोबरच बोलला असेल, मलाच वेड लागलंय. मला हिंदीतच सांगितलं, मराठीत बोलायलापण जीव नव्हता त्याला. बारावी झाली की त्याला इकडे ठेवता येत नाही, कुठेतरी पाठवायचंच आहे. मग जिथे तो मान वर करून जाईल तिथे पाठवीन. मान खाली घालून गेलेला पोरगा मला पुण्यातही नको.

म्हणून मी हम्मादला म्हटलं, यल्ला, चल, दुसरं कॉलेज बघ. तेही तसंच अवघड, तिथे बर्फ पडतो म्हणे. तिथल्या कोचला व्हिडिओ गेले, मार्क गेले, त्यांनीही मार्क पसंत केले आणि परत तेच, घरच्यांशी बोलायचंय. हे तुला भावोजींनी सांगितलंच आहे. तू लगेच तयारीला लागलास, या वेळी कसं बोलायचं ते पाठ करतोस म्हणे.

आता हे सगळं का लिहिलं ते. मी तुला त्या कोचचा फोन येत्या गुरुवारी आहे म्हणून सांगितलं आणि तू रजा टाकून दम्मामहून विमानाचं तिकीट काढलंस. गुरुवारी फोन नाही. फोन गेल्या रविवारीच झाला. गुरुवार मी मुद्दाम सांगितला. रविवारी मी बसले, शेजारी रईसा. कोचने तोच प्रश्न विचारला. मी हिंदीत बोलले, रईसाने त्याचं इंग्रजी केलं. मी म्हटलं, मला चौथीच्या पुढे येत नाही, तुमचं कॉलेज किती मोठं ते मला माहीत नाही. याला अभ्यास आवडतो, तो तो करेल, त्यासाठी मला ओरडावं लागत नाही. चेंडूही आवडतो. यातलं काही सोडायचं असेल तर तो सोडेल, मी सोडवणार नाही आणि आमच्या घरातला दुसरा कुणी सोडवायला आला तर त्याला माझ्याशी बोलावं लागेल. कोच रईसाला म्हणाला, शेवटचं वाक्य परत सांगा. मग ज्ञानेशला विचारलं आणि तो बोलला. काय बोलला ते मला कळलं नाही आणि मी रईसाला विचारलंही नाही. मंगळवारी हम्मादकडे निरोप आला, नाव देतो. त्या कॉलेजने घेतलं तर तिथेच यायचं, दुसरीकडे बघायचं नाही, असं वचन देऊन अर्ज भरायचा असतो, त्यावर पालकाची सही लागते. ती मी केली, मराठीत. डिसेंबरात कळेल. नाही घेतलं तर नाही, पण आमच्या तोंडाने नाही म्हटलेलं नसेल. तू रागावशील. रागाव. पण तिकीट रद्द करू नकोस, ये. शुक्रवारी उतरत्या दुपारी अस्रची नमाज झाली की त्याचा सामना आहे. पाच वर्षांत तू त्याला एकदाही चेंडू टाकताना बघितलेलं नाहीस. माझ्या शेजारी बस आणि बघ. कुणी त्याच्याबद्दल काही विचारलं, तर उत्तर त्याला देऊ दे.

तुझीच, या वेळी न थांबलेली,
आक्का